सौर वीज भरवशाची करायची तर: बॅटरी किती, जनरेटर कधी, कोणता लोड कशावर

भर दुपारी ऊन रणरणत असतं, छतावर पाच किलोवॅटची पॅनेल्स असतात, आणि लाइन गेल्यावर घरही बंद पडतं. बॅटरी नसलेली सौर यंत्रणा बसवणाऱ्या अनेकांना हा धक्का पहिल्यांदा वीज जाते तेव्हा बसतो. यात बिघाड काही नसतो. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडलेला साधा इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घराच्या एसीत बदलणारं यंत्र) ग्रिडचा व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी बघून त्याच्याशी जुळवून घेत चालतो. ग्रिड गेली की तो स्वतःहून बंद होतो आणि व्हायलाच हवा, नाहीतर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या माणसाला तुमच्या छतावरून शॉक बसेल.

छतावर पॅनेल असलं म्हणून घरात भरवशाची वीज असतेच असं नाही. ती हवी म्हटल्यावर बहुतेक जण थेट मोठ्या बॅटरीच्या मागे लागतात. मी उलट सांगेन. बॅटरीला रोजचं काम द्या, म्हणजे एक रात्र काढणं. वर्षातून मोजक्या वेळा येणारं काम, म्हणजे सलग ढगाळ दिवस, दुसऱ्या स्रोताकडे सोपवा. दोन्ही कामं बॅटरीनेच करावीत असा हट्ट धरला तर खर्च दुप्पट-तिप्पट होतो आणि तरीही चौथ्या ढगाळ दिवशी अंधार होतोच.

पायरी १: लोड वेगळे करा

कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात कधीच बंद पडू नये ते: दिवे, पंखे, फ्रिज, राउटर, मोबाइल-लॅपटॉपचं चार्जिंग. दुसऱ्यात रात्री लागतं पण एखाद्या दिवशी नसलं तरी चालेल ते. तिसऱ्यात जे उन्हात उरकता येतं ते: पाण्याचा पंप, वॉशिंग मशीन, इस्त्री, गीझर. हा तिसरा रकाना जितका भरेल तितकी बॅटरी लहान होईल. दुपारी बारा वाजता चाललेल्या पंपाला बॅटरी लागत नाही आणि वर भरलेली टाकी रात्रभर पाणी देते.

(टाकीतल्या पाण्यापासून रात्री वीज काढावी, असंही काहींच्या मनात येतं. हिशेब करून बघा: १० मीटर उंचीवरच्या १,००० लिटर पाण्यात जेमतेम २७ वॅट-तास ऊर्जा असते, म्हणजे ९ वॅटचा एक दिवा तीन तास. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या बाथ काउंटीचं उदंचन केंद्र (पाणी वर चढवून साठवणारं वीज केंद्र) याच तत्त्वावर ३,००० मेगावॅट देतं खरं, पण तिथे सुमारे ३८० मीटरची उंची आणि दोन मोठे जलाशय आहेत. घरच्या टाकीत पाणीच साठवावं.)

पहिल्या रकान्याचं वायरिंग वेगळं काढा आणि त्याला स्वतंत्र छोटा डीबी (वीज वाटणारी पेटी) द्या. सगळं घर इन्व्हर्टरवर टाकलं की कोणीतरी रात्री गीझर चालू करतं आणि इन्व्हर्टर ओव्हरलोडने ट्रिप होतो. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसारखं यंत्र असेल तर त्याचा हिशेब निराळा करा. ३०० ते ३५० वॅटचं यंत्र चोवीस तास चाललं तर एकटंच दिवसाला सात-आठ युनिट खातं. त्यासाठी भरलेला सिलिंडर जवळ हवाच, सौर यंत्रणा कितीही चांगली असली तरी.

पायरी २: रात्रीचा हिशेब

एक नमुना घेऊ. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच राहील.

- ९ वॅटचे ६ दिवे, रोज ५ तास: २७० वॅट-तास
- ३० वॅटचे ३ बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे, रोज १० तास: ९०० वॅट-तास
- फ्रिज, चोवीस तासांचा: १,२०० वॅट-तास
- १० वॅटचा राउटर, २४ तास: २४० वॅट-तास
- लॅपटॉप आणि मोबाइल: ३०० वॅट-तास

बेरीज २,९१० वॅट-तास, म्हणजे साधारण २.९ युनिट. जुने ७५ वॅटचे पंखे असते तर एकट्या पंख्यांचे २.२५ युनिट झाले असते. म्हणून बॅटरी वाढवण्याआधी पंखे बदला. फ्रिजचा आकडा मागच्या स्टिकरवरून घेऊ नका. कॉम्प्रेसर सतत चालत नाही, त्यामुळे वॅट गुणिले २४ केलं की उत्तर भलतंच फुगतं. प्लगमध्ये लावायचा एनर्जी मीटर घेऊन दोन दिवस प्रत्यक्ष मोजा.

आता यातलं संध्याकाळी पाच ते सकाळी आठ या पंधरा तासांत किती जातं ते काढा. नमुन्यात दिवे पूर्ण २७०, पंखे ८ तासांचे ७२०, फ्रिज ७५०, राउटर आणि चार्जिंग मिळून ३००. एकूण २,०४० वॅट-तास.

इथे बहुतेकांचा हिशेब थांबतो आणि नेमकं तिथेच चुकतं. इन्व्हर्टर स्वतः वीज खातो. त्याच्यावर काहीही लोड नसला तरी मध्यम आकाराचा इन्व्हर्टर ३० ते ५० वॅट घेत राहतो. ४० वॅट धरले तरी पंधरा तासांत ६०० वॅट-तास, म्हणजे सगळ्या दिव्यांच्या दुपटीहून जास्त! त्यावर डीसीची एसी करताना होणारी पाच-सहा टक्के घट. २.०४ युनिट लोडसाठी बॅटरीतून प्रत्यक्ष २.८ युनिटच्या आसपास निघतात. म्हणूनच गरजेपेक्षा फार मोठा इन्व्हर्टर घेणं हा रोजचा तोटा असतो. खरेदीच्या वेळी माहितीपत्रकात ‘नो-लोड कन्झम्प्शन’ची ओळ शोधा. ती दिलेलीच नसेल तर विचारा.

पायरी ३: बॅटरी किती आणि कोणती

लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरीची ८० टक्के क्षमता रोज निर्धास्त वापरता येते. २.८ भागिले ०.८ म्हणजे ३.५ युनिट. बॅटरी म्हातारी होऊन तिची क्षमता ८० टक्क्यांवर आली तरी रात्र निघावी, म्हणून पुन्हा ०.८ ने भागा: ४.४ युनिट. बाजारात सहज मिळणारी ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची बॅटरी ५.१२ युनिटची असते. ती पुरते आणि थोडी शिल्लकही राहते.

लेड-अॅसिड घ्यायची तर निम्म्याहून खाली उतरवायची नाही. २.८ भागिले ०.५, मग भागिले ०.८ म्हणजे ७ युनिट. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या चार बॅटऱ्या सीरिजमध्ये जोडल्या की ७.२ युनिट होतात. पण १५० हा आकडा सी-१० वर दिलाय की सी-२० वर, ते बघा. तीच बॅटरी वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर जास्त देते आणि दहा तासांत केली तर कमी. सौर वापराला सी-१० रेटिंगची ट्युब्युलर बॅटरी योग्य.

माझा कल स्पष्टपणे एलएफपीकडे आहे. तिची चार्ज-डिस्चार्जची आवर्तनं साधारण ३,००० ते ६,००० असतात, आत घातलेल्या विजेतली ९० टक्क्यांहून अधिक परत मिळते आणि अर्धवट चार्ज राहिली तरी तिचं बिघडत नाही. लेड-अॅसिडचं मरण नेमकं तिथे असतं. ढगाळ हवेत आठवडाभर अर्धवट भरत राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता कायमची जाते. तरी लेड-अॅसिड निकालात काढण्यासारखी नाही. बॅटरी क्वचितच लागणार असेल, एरवी फ्लोटवर, म्हणजे हलक्या चार्जिंगवर, पूर्ण भरून बसणार असेल, तर ती उत्तम काम देते.

दोघींनाही उष्णता मानवत नाही. लेड-अॅसिडबाबतचा ठोकताळा असा की २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य निम्मं होतं. तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत किंवा उन्हाच्या भिंतीला लागून बॅटरी ठेवू नका. लेड-अॅसिड चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. छताजवळ हवा बाहेर जायला वाट हवी. एलएफपीला शून्य अंशाखाली चार्ज करायचं नसतं. थंड प्रदेशात हीटर असलेली किंवा घरात ठेवता येणारी बॅटरी घ्या.

पायरी ४: पॅनेल वाईट महिन्यासाठी मोजा

पॅनेलवरचे वॅट प्रयोगशाळेतले असतात: दर चौरस मीटरला १,००० वॅट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश. छतावर सेल ६० अंशांपर्यंत सहज तापतो आणि दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट होते, म्हणजे तिथेच १२ टक्के गेले. धूळ, वायर आणि इन्व्हर्टर धरून एकूण ७५ टक्के हाती येतात असं समजा.

नमुन्यातल्या घराला चोवीस तासांत, इन्व्हर्टरची स्वतःची खादाडी आणि बॅटरीतली घट धरून, सव्वाचार युनिट लागतात. वर्षातल्या सर्वांत मंद महिन्यात दिवसाला ३ तासांइतकं पूर्ण ऊन मिळतं असं धरू. तर १ किलोवॅट पॅनेल ३ गुणिले ०.७५, म्हणजे सव्वादोन युनिट देतं. सव्वाचार भागिले सव्वादोन, जवळपास १.९. २ किलोवॅट लावा. वर्षाची सरासरी घेऊन पॅनेल ठरवू नका. सरासरीने वर्षाचं बिल कळतं, अंधार मात्र वाईट महिन्यातच होतो. चांगल्या महिन्यात यातूनच आठेक युनिट निघतील, ते तिसऱ्या रकान्यातल्या कामांना वापरा.

सावलीबद्दल एकच सांगतो. पॅनेलमधले सेल सहसा तीन गटांत जोडलेले असतात आणि प्रत्येक गटाला एक बायपास डायोड (अडलेल्या गटाला वळसा देणारा भाग) असतो. टाकीची सावली एका सेलवर पडली तरी तो अख्खा गट, म्हणजे पॅनेलचा तिसरा हिस्सा, बाद होऊ शकतो.

पायरी ५: इन्व्हर्टर

बॅकअप हवा तर हायब्रिड किंवा ऑफ-ग्रिड इन्व्हर्टर लागतो. तो ग्रिड नसताना स्वतःचा व्होल्टेज तयार करतो आणि ग्रिड आली की तिच्याशी जुळवून घेतो. प्युअर साइन वेव्हच (ग्रिडसारखी गुळगुळीत एसी देणारा) घ्या, एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) असलेलाच घ्या. आकार ठरवताना एकाच वेळी चालणाऱ्या वस्तूंचे वॅट मोजा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सुरू होतानाचा झटका. साधी मोटर सुरुवातीला नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. एक हॉर्सपॉवरचा पंप इन्व्हर्टरवर चालवायचाच असेल तर सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी (मोटर हळूहळू सुरू करणारी उपकरणं) लावा, नाहीतर एका पंपापायी दुप्पट इन्व्हर्टर घ्यावा लागेल.

आधीपासून साधा ग्रिड-टाय इन्व्हर्टर असेल तर तो फेकू नका. त्याला बॅटरी इन्व्हर्टरच्या आउटपुटला एसी बाजूने जोडता येतं. बॅटरी भरली की बॅटरी इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी किंचित वाढवतो आणि सौर इन्व्हर्टर ती बघून उत्पादन कमी करतो. दोन्ही यंत्रांना ही भाषा कळते का, हे घेण्याआधी लेखी विचारा.

पायरी ६: डीसीच्या तारा

३ किलोवॅटचा लोड १२ व्होल्टवर २५० अँपिअर ओढतो, ४८ व्होल्टवर ६२. म्हणून दोन किलोवॅटच्या वर ४८ व्होल्टच.

बॅटरीच्या टर्मिनलवरचा ढिला लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) काय करतो, ते जवळून बघण्यासारखं आहे. ढिल्या सांध्याचा रोध समजा फक्त ०.००५ ओहम आहे. त्यातून १०० अँपिअर गेले तर करंटचा वर्ग गुणिले रोध, ५० वॅट उष्णता त्या बोटभर जागेत तयार होते. सोल्डरिंग आयर्न इतकीच तापते. आधी इन्सुलेशन पिवळं पडतं, मग कडक होतं, मग वास येतो. इन्व्हर्टर मात्र ‘लो बॅटरी’ दाखवत राहतो, कारण सांध्यावर अर्धा व्होल्ट खाल्ला जातो. लोक बॅटरी बदलतात आणि दोष तसाच राहतो. लग हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूलने दाबून घ्या, नट उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कला आवळा, आणि महिनाभराने पुन्हा तपासा.

फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात हवा. डीसीला डीसीचाच ब्रेकर लावा. ५० हर्ट्झच्या एसीत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ब्रेकर उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसीत ती विझत नाही आणि घरातला नेहमीचा एमसीबी आतून जळू शकतो. पॅनेलच्या सीरिजचा व्होल्टेज थंडीत वाढतो, तेव्हा सर्वांत गार सकाळचा आकडा काढून तो इन्व्हर्टरच्या मर्यादेत बसतोय ना, हे बघा.

पायरी ७: दुसरा स्रोत

दाट ढगाळ दिवशी पॅनेल स्वच्छ दिवसाच्या १० ते २५ टक्केच देतात. नमुन्यातल्या घराला रोज तीनेक युनिट कमी पडतील. तीन दिवसांची तूट नऊ युनिट. ती बॅटरीने भरायची तर आणखी दोन बॅटऱ्या लागतील, ज्या वर्षात मोजक्याच वेळा कामाला येतील. तेच काम दीड किलोवॅटचा जनरेटर रोज अडीच तास चालून करतो.

किती दिवसांचा साठा ठेवायचा हे दुसरा स्रोत किती सहज मिळतो यावर ठरतं. अमेरिकन सामोआतल्या ताऊ बेटावर २०१६ मध्ये १.४ मेगावॅट पॅनेल आणि ६ मेगावॅट-तासांच्या बॅटऱ्या बसवल्या. ऊन नसतानाही तीन दिवस बेट चालावं, असा त्यांचा हिशेब होता. तिथे डिझेल बोटीने आणावं लागायचं, म्हणून तीन दिवस परवडले. ज्याच्या दारात ग्रिडची तार आहे त्याने तीन दिवसांची बॅटरी घेणं मला तरी उधळपट्टी वाटते.

ग्रिड असेल तर तीच सर्वांत स्वस्त बॅकअप. तासा-दोन तासांसाठीच जात असेल तर जनरेटरचा विचारही करू नका.

जनरेटर घेतलात तर त्याला थेट घर चालवायला लावू नका, बॅटरी चार्ज करायला लावा. रात्री १०० वॅटच्या लोडवर दोन किलोवॅटचं इंजिन घरघरत ठेवणं म्हणजे इंधन जाळणं. डिझेल इंजिन तीस टक्क्यांखालच्या लोडवर फार वेळ चाललं तर न जळलेलं इंधन आणि काजळी आत साचते. बॅटरी चार्ज करताना त्याला ६० ते ८० टक्क्यांचा स्थिर लोड मिळतो आणि काम झालं की ते बंद करता येतं. चार्जिंग करंट जनरेटरच्या ताकदीप्रमाणे इन्व्हर्टरमध्ये बांधून द्या. पाटीवर २ केव्हीए लिहिलेला जनरेटर साधारण १.६ किलोवॅट देतो. ५० व्होल्टच्या बॅटरीला २५ अँपिअर लावले की सव्वा-दीड किलोवॅट झालेच.

जनरेटरने चार्जिंग ७०-८० टक्क्यांवर थांबवा. वरचा भाग लेड-अॅसिड फार हळू घेते, जनरेटर उगाच चालत राहतो, आणि दुपारी ऊन पडलंच तर ते घ्यायला बॅटरीत जागा उरत नाही.

दोन गोष्टी जिवाशी आहेत. जनरेटर कधीही भिंतीतल्या सॉकेटमधून घरात जोडू नका. चेंजओव्हर स्विच असाच हवा की ग्रिड आणि जनरेटर एकाच वेळी जोडले जाणं यांत्रिकरीत्याच अशक्य असेल. आणि जनरेटर घरात, जिन्याखाली, गॅरेजमध्ये चालवू नका. त्याच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वाहता ओढा जवळ असेल तर भाग्यवान आहात. सेकंदाला १० लिटर पाणी १० मीटर खाली येत असेल तर निम्मी कार्यक्षमता धरूनही ५०० वॅटच्या आसपास मिळतात, तेही चोवीस तास, म्हणजे दिवसाला १२ युनिट. शिवाय पावसात, नेमकं पॅनेल मंदावतं तेव्हा, ओढा भरून वाहतो. छतावरच्या छोट्या पवनचक्कीबद्दल मी कोणाला उत्साह देत नाही. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की ऊर्जा आठव्या हिश्श्यावर येते आणि छतांजवळ वारा मुळात अडलेला असतो. बाहेर वीज देण्याची सोय असलेली इलेक्ट्रिक कार दारात असेल तर ती मोठी बॅटरीच समजा. एक्स्टेंशन बोर्डने फ्रिज आणि पंखे आरामात चालतात.

पायरी ८: सेटिंग्ज

मेन्यूत प्राधान्यक्रम असतो, अनेक यंत्रांत एसबीयू नावाने: आधी सोलर, मग बॅटरी, मग ग्रिड. ग्रिड भरवशाची असेल तर बॅटरी २० टक्क्यांपर्यंत उतरू द्या. वारंवार जात असेल तर ४०-५० टक्के राखून ठेवा. बचत थोडी कमी होईल, पण वीज गेल्यावर बॅटरी रिकामी सापडणार नाही. जनरेटर सुरू करण्याची मर्यादा एलएफपीला २५-३० टक्के, लेड-अॅसिडला ५०.

एलएफपीचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे व्होल्टेजवरून टक्केवारी ठरवू नका. बीएमएस (बॅटरीवर देखरेख करणारं तिच्यातलं सर्किट) आणि इन्व्हर्टर कम्युनिकेशन केबलने जोडा. पंधरा दिवसांतून एकदा बॅटरी पूर्ण भरू द्या, म्हणजे टक्केवारीची मोजणी ताळ्यावर येते.

पायरी ९: वीज असतानाच वीज घालवून बघा

निवांत दिवस बघून संध्याकाळी मेन स्विच पाडा आणि रात्रभर घर बॅटरीवर चालवा. काय बंद पडलं, घड्याळ आणि राउटर रीसेट झाले का, सकाळी आठला किती टक्के उरले, ते वहीत लिहा. जनरेटर महिन्यातून एकदा अर्धा तास लोडवर चालवा. नुसता आवाज ऐकून बंद करू नका. पेट्रोल काही महिन्यांत खराब होतं, साठा फिरता ठेवा. लेड-अॅसिडमध्ये डिस्टिल्ड वॉटर आणि हायड्रोमीटरचं (आतल्या आम्लाची घनता मोजणाऱ्या साधनाचं) रीडिंग दर महिन्याला: पूर्ण चार्जला १.२६ ते १.२८ यावं. एकच सेल इतरांहून बराच खाली असेल तर तो सेल जाण्याच्या मार्गावर आहे.

पुढे रोज फक्त सकाळची टक्केवारी बघा. स्वच्छ ऊन असूनही ती आठवडाभर घसरत चालली असेल तर आधी नवा लोड कुठे लागलाय ते शोधा, मग पॅनेलवरची धूळ आणि सावली, मग टर्मिनलचे सांधे. या तिन्हींत काही सापडलं नाही, तरच बॅटरीची क्षमता मोजायला माणूस बोलवा.